ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडण्यापूर्वीं पंचनामा व्हावा

अलीकडे आपल्या जिल्ह्यांत जुन्या ऑटोमॅटिक मोटारगाड्या बऱ्याच दिसूं लागल्या आहेत. पुण्या-मुंबईकडे दहाबारा वर्षें चाललेली गाडी तेथील धनी स्वस्तांत काढून टाकतो आणि ती गेवराई, माजलगांव, केज इकडील शेतकऱ्याच्या दारांत येऊन उभी राहते. गुडघे धरलेल्या वडील मंडळींसही ती चालवितां येते. सबब असली गाडी घेणें ही निव्वळ चैन होय असें म्हणणारांशीं आम्ही सहमत नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. गाडी अडली कीं ‘गिअरबॉक्स गेला’ एवढें एकच वाक्य ऐकून आपले लोक कापसाच्या पट्टीचे पैसे कारागिराच्या हवालीं करतात. काय गेलें, कशावरून गेलें, हें कोणी विचारीत नाहीं.

आमच्या एका सभासद बंधूंच्या गाडीचा दांडा ‘पी’ वरून हालेना. दूरच्या शहरांतील एका कारखान्यानें सबंध गिअरबॉक्स बदलण्याचा अंदाज दिला. सुदैवानें गांवच्याच एका वायरमन मुलाच्या ध्यानांत आलें कीं ब्रेक दाबला असतां मागचे तांबडे दिवे लागत नाहींत. ब्रेक दाबल्याची खबर मिळाल्यावांचून दांडा सोडावयाचा नाहीं, अशी या गाड्यांत योजना असते. ब्रेकच्या दिव्याचा लहानसा स्वीच बदलतांच गाडी चालूं लागली. दोन एकरांचें उत्पन्न वांचलें!

मुळांत ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे एकच वस्तु नव्हे. अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें सन १९४० च्या ओल्ड्समोबिल गाडींत तेलाच्या दाबावर चालणारा गिअरबॉक्स बसविला. त्याच वंशांतील टॉर्क कन्व्हर्टरच्या पेटींत आजही तेल हाच प्राण आहे. आपल्याकडे सन २०१४ मध्यें मारुतीच्या सेलेरिओबरोबर आलेली एएमटी ही मात्र साधी गिअरपेटीच. तींत क्लच दाबण्याचें व गिअर पाडण्याचें काम माणसाऐवजीं यंत्र करतें. म्हणजे एकीचा रोग दुसरीस लागूं नाहीं. एएमटीची क्लचप्लेट झिजली असतां ‘पेटी बदला’ म्हणणारा कारागीर एक तर अजाण आहे, नाहीं तर फार जाणता आहे.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडींत प्रथम तेल पाहावें. कोणत्या गाडीचें तेल इंजिन चालूं ठेवून मोजावयाचें, कोणत्या गाडीचें बंद करून, हें गाडीच्या पुस्तिकेंत असतें. मोजपट्टीच नसलेल्या गाड्याही पुष्कळ आहेत. नवें तेल बहुधा लाल असतें. तें काळपट होऊन करपल्याचा वास आला तर आंतील क्लचच्या चकत्या जळत आहेत असें समजावें. दुधाळ दिसलें तर पाणी शिरलें आहे, आणि तें बहुतेक रेडिएटरमधून. तेल कमी असेल तर गळती शोधावी. नुसतें वरून ओतून भागत नाहीं. ‘डी’ त टाकल्यावर गाडी उशिरां उचलते, किंवा इंजिन ओरडतें पण वेग येत नाहीं, हीं दाब कमी पडल्याचीं अगर चकत्या झिजल्याचीं लक्षणें होत. पुढें चालते व मागें मुळींच जात नाहीं, तर दोष बहुशः आंतलाच. उलट गाडी एकाच गिअरांत अडकून रखडत चालत असेल, तर गाडीच्या संगणकानेंच पेटी वांचविण्यासाठीं तसें केलेलें असूं शकतें. त्याचें मूळ दुबळ्या बॅटरींत किंवा तुटलेल्या तारेंतही निघतें. आपल्या गोठ्याशेजारीं उभ्या गाडींत उंदीर तारा कुरतडतात, हें शहरच्या कारागिरास कसें सुचावें?

आणखी एक घातकी चाल येथें सांगितली पाहिजे. बंद पडलेली गाडी ट्रॅक्टरला दोरखंडानें बांधून बीडपर्यंत ओढीत नेतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या पेटींतील तेलाचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद आणि चाकें फिरतीं, म्हणजे पेटी कोरडी झिजते. तारेचा दोष घेऊन निघालेली गाडी खरोखरच मोडकी होऊन पोंचते. चालतीं चाकें उचलून किंवा ट्रकवर घालूनच ती न्यावी. मांजरसुंब्याच्या घाटांत वाहनें तुंबलीं असतां ब्रेक न लावतां ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणारेही असेच. त्यानें तेल तापतें व एएमटीची क्लचप्लेट जळते.

आमची हयात महसुली दप्तरांत गेली. पीक बुडालें तर पंचनाम्यावांचून पैचीही नुकसानभरपाई मिळत नाहीं. मग गिअरबॉक्स मात्र तोंडी हुकमावर कां उघडावा? तेल कसें होतें, संगणकांत कोणते दोष नोंदले आहेत, कोणत्या गिअरांत काय होतें, एवढें कारागिरानें कागदावर लिहून सही करावी. त्यानंतरच बयाणा द्यावा. दोष वाचण्याचें स्कॅनर यंत्र आपल्या मंडळानें वर्गणींतून घ्यावें, आणि आयटीआय शिकलेल्या दोघां तरुणांस तें चालविण्यास नेमावें. ट्रॅक्टरची अवजारें आपण भाड्यानें देतोंच. हें यंत्रही त्याच वहींत चढवितां येईल. पुढील सभेंत हा ठराव आम्ही मांडणार आहोंत. ज्यांच्या गाड्या सध्यां कारखान्यांत उभ्या आहेत, त्या बंधूंनीं अंदाजपत्रकाची नक्कल बरोबर आणावी.