पांझरेचे पाणी कोणत्या विद्याशाखेचे?

बारावीचा निकाल लागला की खानदेशात एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो: पर्यावरण शिकायचे असेल तर सायन्स घे, आर्ट्स-कॉमर्सवाल्याचे तिथे काय काम? नातलग हे सांगतात, शिक्षक सांगतात, प्रवेशाच्या रांगेत उभी असलेली मुलेही एकमेकांना सांगतात. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पर्यावरण आणि भूविज्ञान यांची प्रशाळा आहे, तिथे पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करता येते. ती सोय हवीच. पण पर्यावरणाचे शिक्षण त्या एका इमारतीत मावते, हा समज मात्र खोडून काढायला हवा. अर्थशास्त्र, विधी, वाणिज्य, इतिहास, अभियांत्रिकी या प्रत्येक शाखेत पर्यावरणाचा भक्कम पदवी-पर्याय असावा, अशी या लेखाची मागणी आहे. तिच्यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांना उत्तर द्यायला जळगाव आणि धुळे हे दोनच जिल्हे पुरेसे आहेत.

पहिला आक्षेप असा की पर्यावरण हा मुळात विज्ञानाचा विषय आहे. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासायचा, हवेतली धूळ मोजायची, बाकी सगळी भाषणे. हा आक्षेप घेणाऱ्याने साक्री आणि धुळे तालुक्यांत पांझरा नदीच्या काठाने एकदा चालत जावे. तिथे शेकडो वर्षे फड पद्धतीने सिंचन होत आले. नदीवर एकाखाली एक ठेंगणे दगडी बंधारे, प्रत्येक बंधाऱ्यातून निघणारा पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी पिकांची फिरवाफिरव करायची. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, या साऱ्यांवर देखरेखीला हवालदार. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणत्या फडाला द्यायचे आणि कोणता कोरडा ठेवायचा, हे लाभधारकांनी मिळून ठरवायचे. हंगामाआधी पाटातला गाळ काढायलाही सगळ्यांनी मिळूनच उतरायचे.

यात जलविज्ञान किती आहे? थोडेसे आहे. बंधाऱ्याची जागा, पाटाचा उतार, जमिनीचा पोत एवढ्यापुरते. बाकीचा सगळा भाग नियमांचा, मजुरीचा, हक्कांचा आणि एकमेकांवरच्या विश्वासाचा आहे. पुढे नदीवर धरणे झाली, ज्याच्या-त्याच्या शेतात विहीर आली आणि ही घडी विस्कटत गेली. ती का विस्कटली हे पाण्याचा सामू मोजून कळणार नाही. त्यासाठी महसुली दप्तर वाचणारा इतिहासाचा विद्यार्थी हवा, आणि स्वतःची विहीर झाल्यावर शेतकरी सामाईक पाटाच्या साफसफाईला का येईनासा होतो हे समजून घेणारा अर्थशास्त्राचा विद्यार्थीही हवा. सामाईक साधने गावकरी स्वतः नियम करून टिकवू शकतात, हे जगभरची उदाहरणे तपासून दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे स्वतःचे शिक्षण राज्यशास्त्रातले. धुळ्याच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलीला ऑस्ट्रॉमचे नाव परीक्षेपुरते कळावे आणि बसने गाठता येईल अशा अंतरावरचा फड तिने कधी पाहूच नये, याची खंत वाटायला हवी.

विज्ञानाचा मान कमी करण्याचा इथे हेतू नाही. धुळे जिल्ह्यातल्याच शिरपूरचे उदाहरण विज्ञानाच्या बाजूने बोलते. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी तिथले तेव्हाचे आमदार अमरीश पटेल यांच्या पाठबळावर 2004 पासून तिथले नाले रुंद आणि खोल केले, बंधाऱ्यांच्या साखळ्या बांधल्या आणि विहिरींना पाणी आले. ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून ते काम राज्यभर गाजले. तापीकाठचा गाळाचा थर आणि बाकी बहुतेक महाराष्ट्रातला काळा पाषाण यांची पाणी धरण्याची रीत एक नाही. म्हणूनच जेसीबी लावून सगळीकडे हाच प्रयोग करण्याला जाणकारांनी हरकत घेतली. इथवर भूविज्ञानाचे काम झाले. नंतरचे प्रश्न मात्र त्याच्या हातात राहत नाहीत. जमिनीत मुरलेले पाणी कोणाचे? खर्च सगळ्यांचा असताना ज्याचा पंप मोठा त्यानेच ते उपसायचे का? महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात उपशावर नियंत्रणाची तरतूद आहे, ती गावपातळीवर उतरवणार कोण? रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ठिबक घरोघरी पोचले, तरी भूजलाची पातळी खालावतच राहिली. ठिबकने वाचवलेले पाणी जमिनीत राहते की वाढलेल्या लागवडीला जाते, हा प्रश्न सरळसरळ अर्थशास्त्राचा आहे आणि त्यावर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात दरवर्षी प्रबंध व्हायला हवेत.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याची गोष्टही इथे सांगायला हवी. उजाड झालेले शेकडो एकर जंगल या आदिवासी पाड्याने राखून पुन्हा उभे केले. कुऱ्हाडबंदी, गस्त, दंड असे सगळे नियम गावाचे. या कामाचे नेतृत्व करणाऱ्या चैत्राम पवार यांना 2025 साली पद्मश्री मिळाली. ते शिकले वाणिज्य शाखेत. कॉमर्सवाल्याचे पर्यावरणात काय काम, असे विचारणाऱ्यांनी आधी बारीपाडा बघून यावे.

दुसरा आक्षेप असा की पर्यावरण तर सगळ्यांना सक्तीचे आहेच, मग वेगळा पर्याय कशाला? सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 साली हे शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला, विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढे पदवीसाठी समान अभ्यासक्रम आणला. आयोगासाठी त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले पुण्याच्या डॉ. एरक भरुचा यांनी, आणि ते पेशाने शल्यचिकित्सक! पुस्तक चांगले, हेतू चांगला. पण प्रत्यक्षात या विषयाचे काय होते, हे कोणत्याही महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात दिसते. प्रकल्पाची तयार फाईल, वर फक्त नाव आणि रोल नंबर बदलायचा. सगळ्यांना सारखाच दिलेला धडा कोणाच्याच विषयाशी जोडला जात नाही, म्हणून तो कोणाचाच होत नाही. विधीच्या विद्यार्थ्याला ओझोनच्या थराची जाडी पाठ करायला लावण्यापेक्षा गिरणा नदीतल्या वाळूच्या लिलावाची कागदपत्रे वाचायला द्यावीत. ठेका कोणत्या अटींवर दिला, किती ब्रास उचलायची परवानगी होती, ग्रामसभेचा ठराव कुठे आहे, दंड कोणत्या कलमाखाली होतो, हे त्याने शोधावे. विद्यापीठ गिरणेच्याच परिसरात आहे, वाळूची वाहने तिथल्या विद्यार्थ्यांना रोज दिसतात.

नोकरीचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो झटकून टाकणे बरोबर नाही. पर्यावरणशास्त्राची पदवी घेऊन बसलेल्या मुलांसाठी सरकारी जागा थोड्या आहेत, हे खरेच आहे. पण म्हणूनच तो विषय इतर शाखांत न्यायला हवा. केळीचा हवामानावर आधारित विमा घ्या. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचे आकडे, त्यांवरून तपासले जाणारे तापमान-वाऱ्याचे निकष आणि त्या निकषांवर मिळणारी भरपाई, असा तो सगळा व्यवहार. ऐन उन्हाळ्यात घड करपतात, वादळात बागा आडव्या होतात आणि वाद सुरू होतो तो आकड्यांवरून. हे आकडे वाचणारा वाणिज्य आणि संख्याशास्त्राचा पदवीधर विमा कंपनीला हवा असतो, शेतकऱ्यांच्या कंपनीलाही हवा असतो. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे, त्या कामाला हिशेब समजणारी माणसे लागतात. 2010 च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात न्यायिक सदस्याशेजारी तज्ज्ञ सदस्य बसतो, आणि त्याचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे. तिथे बाजू मांडणाऱ्या वकिलाला कायदा आणि प्रदूषण दोन्ही कळावे लागते. अशा पदवीधराची मूळ शाखेतली नोकरी कुठे जात नाही, तिला एक जोड मिळते.

राहिला अर्धवटपणाचा आरोप. ‘थोडे हे, थोडे ते, आणि धड काहीच नाही’ असे अभ्यासक्रम निघतात, नाव नवे आणि आत जुन्याच नोट्स, ही भीती खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे मूळ विषय पातळ होऊ न देणे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आधी अर्थशास्त्रच नीट शिकावे आणि शेवटच्या वर्षांत ते पाण्याला, जंगलाला, विजेला लावून दाखवावे. विजेला म्हणायचे कारण असे की साक्रीतच ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आहेत आणि शिवाजीनगरचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्पही आहे. स्वच्छ विजेसाठी जमीन कोणाची गेली, मोबदला काय मिळाला, गावात रोजगार किती उरला, हा एका विद्यार्थ्याला दोन वर्षे पुरेल एवढा विषय आहे.

नियमांची अडचणही आता फारशी नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात लागू झालेल्या रचनेत विद्यार्थ्याला खुला वैकल्पिक विषय आपल्या विद्याशाखेबाहेरूनच घ्यावा लागतो, आणि मुख्य विषयाला जोडून दुय्यम विषयही घेता येतो. तेव्हा अभ्यास मंडळांनी एकत्र बसून पाणी आणि कायदा, हवामान आणि विमा, वनहक्क आणि ग्रामसभा असे विषय तयार करावेत. एका महाविद्यालयात शिक्षक नसेल तर धुळ्यातल्या चार महाविद्यालयांनी मिळून एक नेमावा. प्रबंधाला दोन शाखांचे दोन मार्गदर्शक असावेत आणि क्षेत्रकार्याचे गुण लेखी परीक्षेइतकेच असावेत. विद्यापरिषदेने हे येत्या शैक्षणिक वर्षासाठीच मंजूर करावे आणि पहिल्या तुकडीला पावसाळा संपताच पांझरेच्या बंधाऱ्यांची पाहणी करायला पाठवावे.