एकाच टाकीत दोन बिऱ्हाडं

मागच्या महिन्यात आमच्या घरात सकाळी सहालाच रडारड झाली. सातवीतला धाकटा भाऊ फिश टँकसमोर उभा होता. आदल्या दिवशी त्याच्या वाढदिवसाला दोन फायटर मासे आणले होते. त्यातल्या निळ्याच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या आणि लाल मासा कल्ले फुलवून अजून त्याच्या मागे लागला होता. दुकानदाराने ‘नर-मादी आहेत, आरामात राहतील’ म्हणून जोडी दिली होती. लाल मासा निघाला आखूड शेपटीचा नर. आणि मादी असती तरी फार फरक पडला नसता, कारण अंडी घालण्यापुरता वेळ सोडला तर फायटर नर मादीलाही सुखाने राहू देत नाही.

आईने काही न बोलता भाजी धुवायची प्लास्टिकची जाळीदार टोपली आणून दिली. ती टाकीच्या काठाला कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवली, अर्धी पाण्यात अर्धी वर, आणि लाल मासा त्यात टाकून वर ताटली झाकली. दोन मिनिटांचं काम. तुमच्याकडेही असं भांडण पेटलं तर बाजारात धावू नका, आधी ही टोपली शोधा. फक्त साबण लागलेली नको आणि धातूची नको. तांब्याचा अंश तर माशांना फारच वाईट.

‘मग दुसरी टाकी घ्या की!’ असं सगळेच म्हणतात. पण आम्ही राहतो चामराजपेटला. १८९२ साली आखून वसवलेली ही वस्ती. जुनी घरं ऐसपैस, पण वाटण्या होत होत आमच्या वाट्याला दीड खोली आणि अर्धा हॉल आलाय. हॉलच्या मधोमध प्लायवूडची भिंत, पलीकडे काकांचं बिऱ्हाड. दुसरी टाकी ठेवायची कुठे? शिवाय पाणी. बेंगळुरूला कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून पंपांनी चढवून आणतात. २०२४ च्या मार्चमधली टंचाई आठवतेय ना? पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली किंवा बागेला पाणी घातलं तर ५,००० रुपये दंड होता. त्या दिवसांत आम्ही टाकीतलं काढलेलं पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला घालायचो. हौसेसाठी आणखी पन्नास लिटर भरायचे म्हटलं तर आजी घराबाहेर काढेल. म्हणून ठरलं की आहे त्याच टाकीत वाटणी करायची.

आमची टाकी २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच. काठोकाठ भरली तर ५६ लिटर, वाळू आणि वरची रिकामी जागा सोडून ४५ धरा. दोन फायटरना एवढी जागा पुरते. पार्टिशनसाठी मी शोधत होते तयार काचेचं, पण सापडलं त्याहून चांगलं. आत्या पूर्वी लोकरीच्या टाक्यांनी टिश्यू बॉक्स, पर्स वगैरे भरायची, तो प्लास्टिक कॅनव्हास आठवतो का? चौकोनी भोकांचा कडक पत्रा. भरतकामाच्या सामानाच्या दुकानात अजून मिळतो. त्याची भोकं साधारण ३ मिलीमीटरची, म्हणजे पाणी जातं, फायटर जात नाही. कॉलेजात प्रोजेक्ट लावायचो त्या स्टिक फाइलच्या प्लास्टिकच्या पट्ट्या कॅनव्हासच्या दोन्ही उभ्या कडांवर चढवल्या की त्या काचेला घट्ट टेकतात. मोजताना टाकीची आतली रुंदी मोजा, बाहेरची नाही. मी बाहेरची मोजली आणि दुसऱ्यांदा दुकानात गेले.

खालची कड वाळूत किमान इंचभर गाडायची. फायटर फटीखालून सरपटत जातो. वरची कड थेट झाकणापर्यंत न्यायची. इथे मी चुकले. पाण्याच्या वर दोन बोटं पार्टिशन ठेवलं आणि खुश होऊन झोपले. हे मासे उडी मारतात. तिसऱ्या रात्री लाल मासा पलीकडे पोहोचला आणि निळ्याची उरलीसुरली शेपटीही गेली. भाऊ माझ्याशी दोन दिवस बोलला नाही, आणि मी त्याला काही म्हणूही शकले नाही. जोडी चुकीची दिली दुकानदाराने, पण ही चूक माझीच होती.

निळ्याला मग एका नव्या कोऱ्या बादलीत हलवलं. दहा लिटर पाणी, आदल्या दिवशी भरून उघडं ठेवलेलं म्हणजे क्लोरीन उडून जातो. रोज चौथा हिस्सा पाणी बदलायचं आणि बादलीवर मच्छरदाणीचं कापड बांधायचं. कापडाबद्दल एक फार महत्त्वाचं. कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या मिळतात, त्यातलं औषध माशांसाठी जीवघेणं असतं. साधी, बिनऔषधाची जाळीच घ्या. आठवड्याभराने शेपटीच्या कडेला काचेसारखी पारदर्शक किनार दिसली. नवा पंख असाच येतो, रंग मागाहून भरतो. बाराव्या दिवशी तो टाकीत परतला. तोवर पार्टिशन झाकणाला टेकलेलं होतं.

पण परतल्यावर नवीनच डोकेदुखी. दोघं जाळीच्या आरपार एकमेकांना बघून दिवसभर कल्ले फुलवत बसायचे, खायचे नाहीत. मारामारी थांबवली तरी वैरी नजरेसमोर आहेच की! पारदर्शक काचेचं पार्टिशन घेतलं असतं तर आणखी वाईट झालं असतं. उपाय सोपा होता. कॅनव्हासचा दुसरा तुकडा इंचभर अंतर सोडून उभा केला आणि मधल्या जागेत जावा मॉस भरलं. पाणी खेळतं, नजर अडते. दुसऱ्याच दिवशी दोघांनी दाणे खाल्ले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट कळण्यासारखी आहे. भांडखोर माशाला भिंत हवी असते ती आधी डोळ्यांसाठी.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक प्रेरणादायी गोष्ट फिरते, तुम्हालाही आली असेल. शार्क आणि छोट्या माशांच्या मधे काच लावली, शार्क आपटून आपटून थकला, काच काढल्यावरही त्याने माशांना हात लावला नाही. मूळ गोष्ट शार्कची नाही, गोड्या पाण्यातल्या पाईक नावाच्या शिकारी माशाची आहे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल मोबिउस यांनी १८७३ साली ती लिहिली. ती वाचून कुणी फायटरच्या मधली जाळी काढू नका हं. थायलंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या झुंजीसाठी पैदास केलेला हा मासा आहे (२०१९ पासून तो त्या देशाचा राष्ट्रीय जलचर आहे), तो महिन्याभरात शहाणा होत नाही.

तुमच्याकडे फायटर नसतील, एंजल किंवा गौरामी असतील आणि त्यातला एकच दादागिरी करत असेल, तर पार्टिशनचीही गरज नाही. टोपलीत ठेवायचं ते मार खाणाऱ्याला नाही, दादाला. (शाळेत नेमकं उलटं व्हायचं.) त्याला तीन-चार दिवस आत ठेवा आणि तेवढ्यात टाकीतले दगड, झाडं यांच्या जागा बदला. उकळून घासलेली नारळाची करवंटी, कुंडीचं खापर, असे आडोसे वाढवा. तो बाहेर येतो तेव्हा त्याचा जुना कोपरा राहिलेला नसतो, तोच तिथे पाहुणा असतो.

गप्पींचं वेगळं. महाराष्ट्रात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे मासे ठाऊकच असतील. डास कमी व्हावेत म्हणून हौदात सोडतात ते. गप्पी अंडी नाही, थेट पिल्लं देते, साधारण महिन्याला, आणि मग स्वतःच खाते. बाजारात आईला कोंडायच्या छोट्या पेट्या मिळतात, मला त्या आवडत नाहीत. त्या अरुंद जागेत पोटुशी मादी घाबरून जाते. त्यापेक्षा टाकीच्या एका कोपऱ्यात मॉसचा दाट पुंजका ठेवा, पिल्लं त्यात लपतात. मग ती चहाच्या प्लास्टिकच्या गाळणीने उचलून टोपलीत घ्या. टोपलीला आतून बारीक जाळी शिवायला विसरू नका, कारण ३ मिलीमीटरच्या भोकातून नुकतं जन्मलेलं पिल्लू आरामात निसटतं.

आता जाळीने जे होत नाही ते. आजारी मासा जाळीपलीकडे ठेवून उपयोग नाही. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले तर तो परजीवी आहे आणि तो पाण्यातून पोहत दुसऱ्या बाजूला जातो. जास्तीचं खाणं कुजलं तर त्याचा अमोनियाही दोन्हीकडे पसरतो. आमच्या आणि काकांच्या मधे प्लायवूड आहे, पण खालचा संप एकच. त्यांनी मोटार चालू ठेवली की आमचाही नळ कोरडा. तसंच हे. आजारपणात बादलीच हवी, आणि तिची जाळी, मग वेगळे.

बेंगळुरूकरांसाठी आणखी एक. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा १५-१६ पर्यंत उतरतो. फायटरला २५ ते २७ अंश लागतं. हीटर एका बाजूच्या कोपऱ्यात लावला तर पलीकडचा गारठतो. तो पार्टिशनला खेटून लावा, पण कॅनव्हासला चिकटू देऊ नका, आणि थर्मामीटर मुद्दाम दुसऱ्या बाजूला ठेवा. स्पंज फिल्टर एकच असेल तर तोही मधेच. कॅनव्हासच्या भोकांत शेवाळ भरलं की पाणी अडतं, म्हणून आठवड्याला जुन्या टूथब्रशने घासायचं. ही ड्युटी आमच्याकडे भावाची.

निळ्याने आता त्याच्या बाजूला पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं केलंय. लाल अजून अधूनमधून जाळीपाशी येऊन कल्ले फुलवतो. मॉस कुठे विरळ झालंय ते त्याला बरोबर कळतं. तो जिथे थांबतो तिथे भाऊ दोऱ्याने नवा पुंजका बांधतो.