बॅटरी बदलते आहे, आपली जागा बदलणार का?

इलेक्ट्रिक स्कूटर आणि रिक्षा आता आपल्या वस्त्यांतही दिसू लागल्या आहेत. या गाड्यांमध्ये सर्वात महाग भाग असतो तो बॅटरीचा. म्हणूनच चांगली बॅटरी बनवण्याची जगभर स्पर्धा लागली आहे.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये जपानमधून बाजारात आली. तिच्या शोधासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल तीन शास्त्रज्ञांना मिळाले. पुढे गाड्यांसाठी निकेल आणि कोबाल्टच्या बॅटऱ्या वापरात आल्या. जगातील बहुतांश कोबाल्ट काँगोतून येते आणि तिथल्या खाणींत लहान मुलेही राबली आहेत. लोह आणि फॉस्फेटच्या नव्या बॅटरीत कोबाल्ट लागत नाही. ती स्वस्त आहे, तिला आग लागण्याचा धोकाही कमी आहे. मात्र वजनाच्या मानाने तिच्यात वीज कमी साठते. सोडियमवर चालणाऱ्या बॅटरीवरही काम सुरू आहे.

भारताने २०२१ मध्ये प्रगत बॅटरी सेलच्या उत्पादनासाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. पैसा जनतेचा, कारखाने खासगी आणि खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. मग प्रयोगशाळेत कोण बसणार आणि गेटवर कंत्राटी म्हणून कोण उभे राहणार?

दुसरे टोक भंगाराचे आहे. भंगार वेचणाऱ्यांमध्ये आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत, हे आम्ही वस्त्यांत काम करताना रोज पाहतो. लिथियम बॅटरी फोडली तर आग लागू शकते, आतल्या रसायनाला ओलावा लागला की विषारी वायू तयार होतो. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पण त्या जबाबदारीत भंगार वेचणाऱ्याला सुरक्षित, पगारी काम मिळाले नाही, तर गटारात उतरणाऱ्यांच्या बाबतीत जे झाले तेच पुन्हा होईल.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. कामगारांचे हक्क आणि देशाचे वीजधोरण हे दोन्ही विषय त्यांनी एकाच वेळी हाताळले. आपल्यालाही दोन्ही आघाड्यांवर लढावे लागेल. सरकारी मदत घेणाऱ्या कंपन्यांनी कामगारांची सामाजिक वर्गवारी जाहीर करावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. आणि आपल्या मुलामुलींनी बार्टीच्या अधिछात्रवृत्तीचा, परदेशी शिष्यवृत्तीचा उपयोग रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञानासाठीही केला पाहिजे.

नवे तंत्रज्ञान आपोआप समता आणत नाही. ती आपल्यालाच आणावी लागते.

जय भीम!