आधी गोळी, मग रायफल

दसऱ्याच्या सुट्टीत आपल्या शाळेतल्या एका कॅडेटचे आई-वडील म्हैसूर बघायला आले होते. माझा नातू त्यांच्या मुलाच्याच वर्गात आहे, म्हणून ते देवराज मोहल्ल्यातल्या आमच्या घरी जेवायला आले. जेवणं होईपर्यंत वडिलांनी धीर धरला. मग फोन काढून त्यांनी एका जर्मन एअर रायफलीचा फोटो दाखवला. "सुभेदार साहेब, ही घेऊ का? पतसंस्थेतून कर्ज मिळतंय." किंमत लाखांच्या घरात, मुलाचं वय चौदा. जिल्ह्याच्या सामन्यात त्याचे गुण घसरले होते आणि दोष शाळेच्या जुन्या रायफलीचा, असं घरात ठरून गेलं होतं.

मी विचारलं, "पेलेट कुठले वापरतो?"

"दुकानात असतील ते."

संध्याकाळी आम्ही देवराज मार्केटात गेलो. तिथे मोगऱ्याचा गजरा हातावर मोजून देतात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. माझी बायको नेहमी लांब हाताची फुलवाली शोधते. भाव सगळीकडे तोच असतो, माप मात्र ज्याच्या त्याच्या हाताचं. गोळ्यांच्या डब्याचंही असंच आहे, हे मी त्यांना तिथेच उभं राहून सांगितलं.

डब्यावर मार्का असतो, तसा लॉट नंबरही असतो. एका मार्क्याचे दोन लॉट एकाच नळीतून सारखे जातील याची खात्री नसते. स्पर्धेच्या .२२ गोळीचं शिसं साधारण २.६ ग्रॅमचं, वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेला, कारण उडताना तो वेग ओलांडला की गोळी डळमळते. दारू आणि प्रायमर यांत किंचित फरक पडला तरी ५० मीटरवर तो कागदावर दिसतो. तिथलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. गोळी ५.६ मिलिमीटरची आणि रेषेला स्पर्श झाला तरी दहा मिळतात, म्हणजे मधोमधपासून ८ मिलिमीटरपर्यंतची चूक माफ. आता समजा, शिकंज्यात पक्की बांधलेली रायफलच एखाद्या लॉटने २५ मिलिमीटरचा ग्रुप देते. मग नेमबाजाने काहीही न चुकता त्याचे नऊ येणार. म्हणून बर्मिंगहॅमला एली आणि जर्मनीत लापुआ या कंपन्यांनी खास चाचणीच्या रेंज ठेवल्या आहेत. मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन तिथे जातात, लॉटमागून लॉट झाडून बघतात आणि जमला तो लॉट वर्षभरासाठी उचलतात.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलं. पात्रता फेरीत त्याचे ६० गोळ्यांत ५९० होते आणि तो सातवा होता. म्हणजे ६० गोळ्यांत १० गुण गेले. इतक्या बारीक हिशेबात गोळीच्या चुकीला जागाच उरत नाही.

आपली मुलं मोबाइलवर परदेशातले मल्टिगन सामने बघतात. एकाच सामन्यात रायफल, पिस्तूल आणि शॉटगन. आपल्या कॅडेटला ते मिळत नाही, पण वर्षभरात तोही दोन हत्यारं हाताळतो, शाळेची एअर रायफल आणि एनसीसीची .२२. प्रत्येकीचा झिरो वेगळा आणि आवडता लॉटही वेगळा. एकीच्या अनुभवावर दुसरीचं ठरवता येत नाही.

काही उस्तादांचं म्हणणं मला माहीत आहे, कारण मीही तेच म्हणत असे. जवानाला गोळी निवडायला मिळते का? हातात येईल ती झाडायची, चांगली गोळी राखून ठेवायची ती टीममधल्या पहिल्या तिघांसाठी. लढाईपुरतं हे बरोबर आहे. पण रेंजवर याच विचारामुळे मी एका पोराचं नुकसान केलं.

मी बटालियनच्या टीमचा प्रशिक्षक होतो. सांगलीकडचा एक वीस वर्षांचा पोरगा प्रोनमध्ये छान ग्रुप देत होता. सामन्याच्या आधी नव्या पेट्या उघडल्या. मार्का तोच होता, म्हणून लॉट नंबर मी वाचलाही नाही. जुन्यातला उरलेला माल अनुभवी तिघांना दिला आणि नवा त्याला. त्याचा ग्रुप फुटला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ट्रिगरला झटका देतोयस." तो झटका शोधत बसला आणि शोधता शोधता खरंच झटका देऊ लागला. टीममधून नाव गेलं. महिन्या-दीड महिन्याने मी त्याचीच रायफल वाळूच्या पोत्यावर ठेवून त्याच लॉटच्या गोळ्या झाडल्या. ग्रुप तसाच फुटला. मी कंपनीत जाऊन त्याला सांगितलं. "ठीक आहे, साहेब," म्हणाला. पुन्हा टीममध्ये आला नाही.

अनुभवी माणसाला गोळी गेली तेव्हाच कळतं की चूक आपली की मालाची. शिकणाऱ्याला ते कळत नाही, त्याच्याजवळ फक्त कागदावरचं भोक असतं. म्हणून एकसारखी गोळी नवख्यालाच आधी मिळावी, असं माझं मत आहे.

शाळेला माझी सूचना खर्चाची नाही. खेळाच्या पैशातून नवी रायफल घेण्याआधी दोन-तीन लॉटचे थोडे थोडे डबे मागवावेत. शिकंजा नसला तर पोतं चालेल. एकाच दिवशी, एकाच रायफलीने, हात स्थिर असलेल्या दोघांनी प्रत्येक लॉटचे पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप मारावेत आणि सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजावं. .२२ चा मार्का बदलला तर आधीच्या दहा-वीस गोळ्या मोजू नयेत, नळीला नव्या वंगणाची सवय व्हावी लागते. एअर रायफलीच्या पेलेटमध्ये ४.४९, ४.५०, ४.५१ अशी डोक्याची मापं येतात, तीही अशीच तपासावीत. डबा खाली पडला तर पेलेटचा मऊ घेर चेपतो, ते सामन्याला वापरू नयेत. आणि मुलांनो, शिशाला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. जेवणाचा डबा म्हणतोय मी.

प्रत्येक रायफलीच्या नंबराची एक वही असावी. लॉट, तारीख, ग्रुप, बस्स.

ज्यांना रायफल घ्यायचीच आहे त्यांनी मुलाला सोबत न्यावं. बट त्याच्या खांद्याला बसतो का, गाल ठेवला की डोळा आपोआप साइटसमोर येतो का, हे बघावं. चौदाव्या वर्षी हात अजून वाढायचा असतो, तेव्हा बटाची लांबी आणि गालपट्टी सरकवता येईल अशीच घ्यावी. साडेपाच किलो ही नियमाची कमाल मर्यादा आहे, मुलाने तेवढं उचललंच पाहिजे असं नाही. .२२ ला परवाना लागतो, तो विषय शाळेशी बोलूनच काढावा.

त्या वडिलांनी कर्जाचा अर्ज अजून दिलेला नाही. दिवाळीनंतर मी नातवाला सोडायला शाळेत येतोय, तेव्हा जुन्या रायफलीवर तीन लॉट झाडून बघायचं आमचं ठरलं आहे. कमांडंट साहेबांची परवानगी मिळाली तर वही आणि मोजपट्टी मी घेऊन येईन.