डाव्या बाजूचा राखणदार

१९६६च्या विश्वचषक फुटबॉलचे एक छायाचित्र जगभर गाजले. वेम्बलीवर कर्णधार बॉबी मूर चषक उंचावतो आहे आणि सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतले आहे. त्यातला जेफ हर्स्ट सगळ्यांना ठाऊक. अंतिम सामन्यात त्याने तीन गोल केले. मूरच्या वजनाने ज्याचा चेहरा वेडावाकडा झाला आहे, तो रे विल्सन. डाव्या बाजूचा बचावपटू.

बचावपटूचे नशीब घरात पाणी भरणाऱ्यासारखे. हंडा भरलेला असला तर कुणी विचारत नाही, रिकामा दिसला की घरभर बोंब! त्या सामन्यात बाराव्या मिनिटाला विल्सनने डोक्याने मारलेला चेंडू कमी पडला आणि जर्मनीच्या हालरने गोल केला. पुढे इंग्लंड ४-२ जिंकले, म्हणून बरे.

विल्सनचा जन्म १९३४ सालचा, डर्बीशायरमधल्या शायरब्रुक या कोळसाखाणींच्या गावचा. आधी रेल्वेत उमेदवारी, मग हडर्सफील्ड, १९६४पासून एव्हर्टन. देशासाठी ६३ सामने. बँकेत जन्म गेल्याने माझे लक्ष आकड्यांकडे आधी जाते. १९६१पर्यंत इंग्लंडात खेळाडूला आठवड्याला २० पौंडांहून जास्त पगार देताच येत नसे. विश्वविजेत्यांना बक्षीस २२,००० पौंड. ते २२ जणांनी सारखे वाटून घेतले. खेळ संपल्यावर विल्सनने हडर्सफील्डमध्ये अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय केला, १९९७पर्यंत. सरकारी सन्मान मिळाला तो २००० साली, ३४ वर्षांनी!

२००४मध्ये त्याला अल्झायमर असल्याचे निदान झाले. २०१८मध्ये तो गेला. त्या अकरा जणांपैकी स्टाइल्स, पीटर्स आणि दोघे चार्लटन बंधू यांनाही स्मृतिभ्रंशाने गाठले. एकेकाच्या आजाराचे खापर चेंडूवर फोडता येणार नाही, हे मान्य. पण ग्लासगोच्या संशोधकांनी २०१९मध्ये स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी होणारे मृत्यू त्यांच्यात इतरांच्या साडेतीन पट आढळले. २०२१च्या पुढच्या अभ्यासात अशा आजारांचा सर्वाधिक धोका बचावपटूंना दिसला, सुमारे पाचपट. हवेतून आलेला चेंडू डोक्याने परतवणे हेच तर त्यांचे काम.

खाणकामगाराची फुप्फुसे कामापायी गेली, हे ज्या देशाने मान्य केले, त्याने बचावपटूच्या डोक्याचीही जबाबदारी घ्यावी. म्हातारपणीची शुश्रूषा बायकामुलांच्या गळ्यात टाकून क्लबांनी मोकळे होऊ नये. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२१मध्ये सूचना काढली: जोराचे हेडर आठवड्याला दहापेक्षा जास्त नकोत. तीही सरावापुरती; सामन्यात कितीही चालतील.