एका कागदावर उरलेली भाषा

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील माग्दालेना दे काओ येथे जुन्या चर्चच्या अवशेषांत २००८ साली सतराव्या शतकाच्या आरंभीचे एक पत्र सापडले. पत्राच्या मागील बाजूस कोणा स्पॅनिश माणसाने संख्यांची यादी करून त्यांच्यापुढे स्थानिक भाषेतील नावे टिपली होती. हार्वर्ड विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ जेफ्री क्विल्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ही माहिती प्रसिद्ध केली. ही भाषा म्हणजे चिमू राज्यातील किंग्नाम किंवा मच्छीमारांची पेस्कादोरा असावी, असा त्यांचा कयास आहे. या भाषेत दशमान पद्धतीने मोजणी होत असे, एवढे यादीवरून कळते. आईला किंवा समुद्राला ती काय म्हणे, याचा मात्र त्यात मागमूस नाही. भाषा बोलणाऱ्यांची होती. तिच्यातले काय उरावे, हे परक्या लेखणीने ठरवले.

संयुक्त राष्ट्रांनी २०२२ ते २०३२ हे आदिवासी भाषांचे आंतरराष्ट्रीय दशक म्हणून जाहीर केले आहे. या काळात शब्दकोश निघतील, ध्वनिमुद्रणेही होतील. ती आवश्यकच आहेत. परंतु त्या भाषांत घरी बोलणारी आणि शाळेत शिकणारी मुले किती राहतील, हीच या दशकाची खरी कसोटी ठरेल.