फेसाची किंमत कोणी मोजायची?

दिल्लीत छठपूजेच्या सुमारास ओखला बंधाऱ्याखाली यमुनेवर पांढऱ्या फेसाचे थर तरंगतात. त्यांची छायाचित्रे छापून येतात, हळहळ व्यक्त होते, फेसनाशक फवारले जाते आणि प्रश्न तेथेच विरतो. फेस मात्र विरत नाही. असे का व्हावे?

दुसऱ्या महायुद्धानंतर खनिज तेलापासून बनविलेली कृत्रिम प्रक्षालके घरोघर पोहोचली. दुष्फेन पाण्यात साबणाचा साका होतो, तसा त्यांचा होत नाही, हा त्यांचा मोठा गुण. परंतु त्या काळच्या प्रक्षालकांच्या रेणूतील कार्बनची साखळी फाटे फुटलेली होती, व हे फाटे तोडणे जिवाणूंना अवघड जाई. साहजिकच पश्चिम जर्मनी, इंग्लंड व अमेरिकेत नद्यांवर फेस साचू लागला.

उत्पादकाचा नफा वाढतो आणि हानी तिसऱ्याच्या माथी बसते, ही विसंगती पिगू यांनी १९२० सालीच मांडली होती. पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा करून तिला आवर घातला. प्रक्षालकातील क्रियाशील द्रव्याचे किमान ८० टक्के जैव विघटन झाले पाहिजे, हे बंधन १९६४ पासून लागू झाले. १९६५ च्या सुमारास अमेरिकी उत्पादकही सरळ साखळीच्या द्रव्याकडे वळले. यामुळे धुण्याची पावडर दुर्मिळ झाली नाही, की उद्योगही बुडाला नाही.

मग आज यमुना का फेसाळते? सरळ साखळी तोडणाऱ्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. वझिराबाद ते ओखला या सुमारे २२ किलोमीटरांच्या पट्ट्यात नदीत इतके मैलापाणी मिसळते, की पाण्यातील प्राणवायू अनेकदा जवळजवळ संपलेला असतो. अशा पाण्यात सुधारित प्रक्षालकही दीर्घकाळ टिकून राहते आणि बंधाऱ्यावरून कोसळताना घुसळले जाऊन फेसाळते. जर्मनीत रसायन बदलून भागले, कारण मैलापाणी शुद्ध करण्याची व्यवस्था तेथे बऱ्याच अंशी उभी होती. आपल्याकडे नेमकी तीच अपुरी आहे.

जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा आपण १९७४ सालीच केला. उणीव आहे ती पैशाची आणि इच्छाशक्तीची. प्रक्षालकांवर अल्प उपकर बसवून ती रक्कम केवळ शुद्धीकरणासाठी राखून ठेवावी. हा भार गरिबांवर पडेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून महागड्या प्रकारांवर दर अधिक असावा. मात्र उपकर नाकारल्याने खर्च टळत नाही. नदीकाठी राहणारा, जो बहुधा सर्वांत गरीब असतो, तो आजही हा खर्च आपल्या आरोग्याने भरतोच आहे. त्याची पावती तेवढी कोणी फाडत नाही.